लघवीच्या पट्टीचा रंग आणि ‘किडनी शुद्धी’च्या पुड्या: मधुमेहींच्या घरांसाठी सावधगिरीचा इशारा

देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी आठवडे बाजाराच्या कडेला तंबू ठोकून ‘मोफत किडनी तपासणी’ भरते. टेबलावर प्लॅस्टिकचे कप आणि शेजारी पट्ट्यांची डबी. कपात लघवी आणून दिली की पांढऱ्या कोटातला माणूस त्यात पट्टी बुडवतो, झटकतो आणि डबीवरच्या रंगांच्या तक्त्याशेजारी धरतो. साखरेचा चौकोन बघता बघता गडद तपकिरी होतो. “बघा आजी, किडनी गळायला लागली. साखर थेट लघवीत उतरतेय. डायलिसिस टाळायचं असेल तर आजच सुरू करा.” मग तीन महिन्यांच्या पुड्या, दोन बाटल्या काढा, पैसे रोख, पावती नाही.

पट्टीत हातचलाखी काहीच नसते, आणि म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर लघवीत साखर उतरणारच. रक्तातली जादा साखर किडनीवाटे बाहेर टाकणं हेच तिचं काम आहे. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, स्वस्त गोळ्या आल्या आणि आता ती कितीतरी मधुमेहींच्या चिठ्ठीवर असते. अशा माणसाची रक्तातली साखर ११० असली तरी पट्टी गडदच येते. गोळी लागू पडतेय एवढाच त्याचा अर्थ. किडनी निकामी झाल्याची ती खूण नव्हे.

पुढचा डाव याहून घातक आहे. “इंग्रजी गोळ्या बंद करा, नाहीतर पुडीचा गुण दिसणार नाही,” असं सांगितलं जातं. गोळी थांबली की तीन-चार दिवसांत लघवीतली साखर कमी होते आणि दुसऱ्या खेपेला तीच पट्टी फिकी येते. “पाहिलंत? किडनी सुधारली!” घरचे खूश होतात, उरलेले पैसे देऊन टाकतात. इकडे रक्तातली साखर चढायला लागलेली असते, पण ती त्या पट्टीवर कळत नाही. पुडीत क जीवनसत्त्व भरपूर घातलं असेल तर साखर, रक्त आणि नायट्राइट हे तिन्ही चौकोन खरे असतात त्याहून फिके दिसू शकतात. चौकोन किती सेकंदांनी वाचायचा हेही डबीवर छापलेलं असतं. पाच मिनिटं ठेवून दाखवलेल्या गडद रंगाला काही अर्थ नसतो.

त्याच पट्टीवर आणखी दोन चौकोन असतात, ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि नायट्राइट (काही जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ). जंतुसंसर्गाचा पहिला सुगावा तिथे लागतो. (नायट्राइट कोरं आलं म्हणून संसर्ग नाही असं मात्र होत नाही, काही जंतू ते तयारच करत नाहीत.) मुळात एखादी बाई तपासणीला आलेली असते ती चार दिवसांची उन्हाळी (लघवीची जळजळ) आणि कमरेतली कळ घेऊन. तिच्या उपयोगाचे हे दोन चौकोन तिला कोणी दाखवत नाही. पैसे गेले ते गेले. आम्हाला जास्त सलतं ते तिचे हातचे दोन-तीन दिवस गेले याचं.

मधुमेहात ते दिवस फार महागात पडतात. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे अनेकांची लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि वर किडनीपर्यंत चढतात. दुखणंही नेहमीसारखं जाणवत नाही. हुडहुडी भरून ताप, बरगड्यांखाली पाठीकडच्या बाजूला एका कुशीत दुखणं, मळमळ, उलटी, लघवीला आग ही पुस्तकातली लक्षणं. मधुमेही माणसात कधी यातलं काहीच ठळक नसतं. नुसता थकवा, जेवण नको होणं आणि घरच्या मीटरवर एरवी १५० दाखवणारी साखर कारण नसताना २८०-३०० ला जाणं. त्यातून किडनीभोवती पू साठणं, रक्तात विष पसरणं, किटोअॅसिडोसिस (रक्तात किटोन नावाची आम्लं धोकादायक साठणं) इथपर्यंत जाऊ शकतं. किडनीत वायू तयार करणारा एक दुर्मिळ, जीवघेणा संसर्ग आहे, आणि त्याचे बहुतेक रुग्ण मधुमेहीच असतात.

“पण पुडीने ताप उतरला होता हो!” हे वाक्य कॅज्युअल्टीत ठरलेलं. उतरतोच. भेसळीच्या पुड्यांमध्ये वेदनाशामक आणि स्टेरॉइड सापडणं नवं नाही. डायक्लोफिनॅकसारखं औषध ताप आणि दुखणं दाबतं, पण आजारी किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतं. स्टेरॉइडने दोन दिवस तरतरी येते, साखर भडकते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. काही ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या साखरेच्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड ही जुनी साखरेची गोळीच कुटून घातलेली आढळली आहे. किडनी मंदावली की ती शरीरात साठते, साखर फार खाली जाते आणि माणूस पहाटे घामाघूम, बेशुद्ध सापडतो. नोंदणीकृत वैद्याने तपासून, नाव लिहून दिलेल्या औषधाबद्दल हे चाललेलं नाही. बिननावाच्या, बिनबॅचच्या पुडीबद्दल चाललं आहे.

आता करायचं काय. मधुमेह आहे, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर आहे आणि सोबत लघवीचा त्रास किंवा कुशीत दुखणं आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलायचं नाही. उलट्या थांबत नसतील, गुंगी येत असेल, लघवी फार कमी झाली असेल, धाप लागत असेल किंवा बाई गरोदर असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी १०८ बोलवा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, नाशिकरोडला बिटको आणि कथड्यात डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय आहे. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय किडनीच्या विशेष उपचारांसाठी आहे, पण तिथे पुढे पाठवलेले रुग्ण घेतात. अडीअडचणीच्या रात्री आधी सिव्हिल.

सोबत चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका. डोस किती ते विचारून घ्या, आणि साखर दर चार तासांनी बघा. डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन मात्र ताप-उलट्यांच्या आजारपणात थांबवायची असते. ती चालू ठेवली तर साखर २०० च्या आसपास असतानाही किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि ‘साखर तर बरी आहे’ म्हणून तो निसटतो. ही गोळी चालू आहे हे कॅज्युअल्टीत तोंडाने सांगा आणि रक्तातले किटोन तपासायला सांगा. मेटफॉर्मिनबद्दलही विचारा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती बहुधा थांबवतात. तापाला पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड नको. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं ‘कमरेचं इंजेक्शन’ बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकच असतं, टोचण्याआधी नाव विचारा.

अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी लघवीचा कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) नमुना द्यायचा. लॅबमधूनच निर्जंतुक डबी घ्या, घरातली औषधाची बाटली धुऊन वापरू नका. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, डेटॉल नको. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. १०-२० मिली पुरते. तासाभरात, फार तर दोन तासांत डबी लॅबमध्ये पोचली पाहिजे. नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या डबीत जंतू इतके वाढतात की रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.

रिपोर्टमध्येही फसवणूक होते. कल्चरमध्ये जंतू वाढायला साधारण १८ ते २४ तास लागतात, त्यांच्यावर कुठलं औषध चालतं हे बघायला त्यापुढे जवळजवळ तेवढेच. सकाळी दिलेल्या नमुन्याचा औषधांच्या यादीसकट रिपोर्ट संध्याकाळी हातात आला, तर नेहमीच्या पद्धतीने तो झालेलाच नाही. त्या लॅबला सरळ विचारा, कसा केला? खऱ्या रिपोर्टवर जंतूचं नाव, मोजणी, प्रत्येक औषधापुढे चालतं की चालत नाही याची खूण आणि सही करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून उपचार मात्र थांबवायचे नसतात. नमुना दिला की डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात.

मेडिकलवाल्याकडून ‘उन्हाळीची गोळी’ मागून घेणं हा फसण्याचा दुसरा रस्ता. नायट्रोफ्युरँटॉइन आणि एकदाच प्यायची फॉस्फोमायसिनची पावडर पिशवीच्या संसर्गाला चांगली, पण किडनीच्या गाभ्यात ती पुरेशी पोचत नाहीत. लघवीच्या सिरपने आग कमी होते, जंतू मरत नाहीत. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिन ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळीसोबत घेतली तर साखर धोकादायक खाली येऊ शकते, आणि आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूंवर ती चालतेच असंही राहिलेलं नाही. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि दुकानदाराने रजिस्टरला नोंद ठेवायची असते. जो बिल द्यायला टाळाटाळ करतो तो ही नोंदही ठेवत नसणार.

योग्य औषध सुरू होऊन ४८ ते ७२ तासांत ताप उतरणीला लागला नाही, तर ‘अजून दोन दिवस बघू’ला मान डोलावू नका. खडा अडकला आहे का, पू साठला आहे का, वायू आहे का, हे बघायला सोनोग्राफी आणि बहुधा सीटी स्कॅन लागतो. वायू सोनोग्राफीत निसटू शकतो. कोर्स ७ ते १४ दिवसांचा, औषधानुसार. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही.

दाखल व्हावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं रुग्णालय आहे का ते १५५३८८ वर विचारा. मंजूर उपचारासाठी योजनेच्या नावाखाली कोणी डिपॉझिट मागत असेल तर ती फसवणूकच. आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) एक रुपया द्यायचा नसतो.

फसल्याचं लक्षात आलं तर गप्प बसू नका. मधुमेह किंवा मुतखडा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पत्रक, पाकीट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर.

पुडी मात्र फेकू नका. म्हातारी माणसं ओशाळून ती लपवतात, सून-मुलगाही ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून बोलत नाहीत. ती तशीच कॅज्युअल्टीच्या टेबलावर ठेवा आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा. त्यात स्टेरॉइड असेल आणि आठवडेच्या आठवडे पोटात गेलं असेल, तर पुडी एकदम थांबल्यावर ऐन संसर्गात रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांना ती शक्यता आधी कळली, तर त्यावरचं इंजेक्शन ते वेळेत देऊ शकतात.