रेल्वेची ओव्हरहेड वायर: पक्की बांधलेली की वजनांनी ताणलेली?

एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातली, करंट वाहणारी तांब्याची तार त्याहून बरीच तापते. 30 अंशांच्या वाढीला 750 मीटर तार साधारण 38 सेंटीमीटर लांबते. ही वाढ जिरवायची कुठे?

जुन्या पद्धतीत तार दोन्ही टोकांना पक्की, त्यामुळे खांबांमध्ये झोळ पडतो, ताण घटतो. पँटोग्राफ, म्हणजे गाडीच्या छतावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, वरखाली उसळतो, ठिणग्या उडतात, त्याच्या माथ्यावरची, तारेला घासणारी कार्बनपट्टी झिजते. वेगात तो तारेत अडकला, की तारच खाली. म्हणून भर दुपारी वेगमर्यादा. यार्डात, सावकाश चालणाऱ्या गाड्यांना मात्र ही स्वस्त पद्धत चालते.

दुसरीत टोकाला कप्पी आणि वजनं. 3:1 कप्पीवर, म्हणजे वजनाच्या तिप्पट ताण देणाऱ्या कप्पीवर, दोन तारांच्या (पँटोग्राफ घासतो ती आणि तिला वरून पेलणारी) 2,000 किलो ताणाला सुमारे 665 किलो वजन लागतं. तार 38 सेंटीमीटर वाढली, की वजन 1.15 मीटर खाली येतं; ताण तोच. लोणावळा-पुण्यासारख्या मेनलाइनला हीच हवी, खर्चाचं रडगाणं नको. पण कप्पीचं बेअरिंग कोरडं पडलं, वायररोप गंजला किंवा वजन खडीवर टेकलं, तर ती पहिलीसारखीच वागते. उन्हाळ्याआधी ग्रीस भरा. वजनाची जमिनीपासूनची उंची तापमानाच्या तक्त्याशी ताडून पाहा.