लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून बेसबॉलचा व्हिडिओ करून घेतला, 3 स्टार

तीनातला एक स्टार नुसता स्टुडिओतल्या पोरांच्या स्वभावाला दिलाय हे आधीच सांगतो. बेळगावात शहापुरातला स्टुडिओ आहे, नाव लिहीत नाही कारण आमच्या घरची दोन लग्नं त्यांनीच केल्यात आणि तिसरं पण त्यांच्याकडंच ठरलंय, उगीच वाकडं कशाला.

तर मुलगा आमचा फर्स्ट पीयूसीला म्हणजे अकरावीला, बेसबॉल खेळतो, कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणारा. शाळेत सॉफ्टबॉल खेळत खेळत इकडं आला. बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न, क्रिकेटच की ते, वेगळं काय त्यात? सोडा ते. त्याला अमेरिकेत कॉलेजला खेळायचंय, आणि तिथले कोच पोरं बारावीच्या आधीपासून हेरून ठेवतात, आता लेले ग्राउंडवर घाम गाळणारा पोरगा त्यांना दिसणार कसा, तर व्हिडिओनंच. कोचला मेल, त्यात लिंक आणि मार्क. डिव्हिजन 1 च्या, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या कोचना तिकडच्या हिशोबानं मुलाची अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या 1 ऑगस्टपर्यंत रिक्रूटिंगचं बोलायलाच परवानगी नाही, म्हणून तोवर व्हिडिओ तयार ठेवायचा होता, आणि जूनमध्ये पाऊस लागला की ग्राउंडवर नुसता चिखल, म्हणून एसएसएलसीची (दहावीची) परीक्षा झाल्या झाल्या मे महिन्यात शूट ठरवलं. 8 हजार रुपये, ड्रोनसकट.

शूटला मात्र पोरं एक नंबर. सकाळी सहाला हजर, क्रिकेटवाल्यांच्या आधी. होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ते सेकंड बेस, म्हणजे कॅचरला थ्रो मारायचा तिथवर, 127 फुटांच्या वर थोडं अंतर असतं, ते मोजायला आमच्याकडं एवढी लांब टेप नव्हती तर त्यातल्या एकानं ओळखीच्या मंडपवाल्याकडनं मागवून घेतली. मधेच एक आजोबा वॉकला आले, अर्धा तास उभं राहून बघितलं आणि विचारतात, "काय शूटिंग करूलालाय ओ, पिक्चर हाय काय?" स्टुडिओतला एक पोरगा त्यांना पण बाजूला घेऊन नीट समजावून सांगत होता. (हाच तो स्वभावाचा स्टार.)

मग आठ दिवसांनी पहिला कट आला आणि आम्ही डोक्याला हात लावला. सोनेरी अक्षरात पोराचं नाव, पत्रिकेवर असतं तसं, खाली फुलांची वेल. पोरगा हेल्मेट काखेत घेऊन स्लो मोशनमध्ये चालत येतोय, ड्रोन वरनं गोल फिरतोय, मागं गाणं, आणि स्टुडिओचा फोन नंबर बरोब्बर सेकंड बेसवर. साडेपाच मिनिटं. बघून हिच्या डोळ्यात पाणी आलं, सासूबाईंनी तर दोनदा लावायला लावला. दिसायला खरंच देखणा होता हो, कामाचा नव्हता एवढंच.

कारण सांगतो. कॅचरचा पॉप टाइम बघतात. रनर सेकंड बेसकडं पळाला की, बॉल कॅचरच्या मिटमध्ये (ग्लोव्हमध्ये) पडल्यापासून सेकंड बेसवरच्याच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत किती वेळ लागला तो. दोन सेकंदांच्या आसपास आला तर कोच मान वर करून बघतो. आता तो मोजतात कसा, तर मिटमध्ये बॉल पडल्याचा फट् आणि पलीकडच्या ग्लोव्हमधला फट्, या दोन आवाजांवर स्टॉपवॉच दाबायचं. आमच्या व्हिडिओत आवाजाच्या जागी गाणं, वर स्लो मोशन, त्यामुळं पोराचा पॉप टाइम निघाला साधारण सात सेकंद 😀 तेवढ्यात रनर सेकंड बेसवर पोचून चहा पिऊन येईल.

मी जाऊन बसलो त्यांच्याकडं. पहिल्यांदा पटलंच नाही, "काका, गाण्याशिवाय फील येत नाही की." फील नको रे बाबा, फट् पाहिजे. मग लिहून दिलं: सुरुवातीला पाच सेकंद साधी पाटी, नाव, उंची, वजन, पोझिशन, बारावी कुठल्या वर्षी, मेल आयडी. मग थ्रो बाजूनं, सलग, न कापता, आवाजासकट. मग बॅटिंग, बाजूनं आणि मागनं. पळणं 60 यार्ड म्हणजे जवळपास 55 मीटर, तेही सलग. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत. ड्रोनचा एकही शॉट नको म्हटल्यावर चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. दुसरा कट मात्र चार दिवसांत दिला, एक्स्ट्रा पैसे न मागता, आणि तो बरोबर होता. नंबर तेवढा राहिलाच होता, फोन केल्यावर तोही काढला.

मेल गेले चाळीसेक. तीन उत्तरं आली. दोन आमच्या कॅम्पला पैसे भरून या म्हणणारी, तसली मेल गठ्ठ्यानं जातात, त्यात हुरळून जाऊ नका. तिसरं एका डिव्हिजन 3 च्या, म्हणजे खालच्या गटातल्या कोचचं, दोनच ओळी, थ्रो नीट दिसतोय, नववीपासूनच्या मार्कशीट पाठवा. डिव्हिजन 3 मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर जी मदत मिळेल तीच, त्यामुळं मार्कशीट मागितली यात नवल नाही. डिव्हिजन 1 ला पण नववी ते बारावीच्या चार वर्षांत 16 कोर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स लागतात, त्यात इंग्रजी चार वर्षं, गणित तीन वर्षं, आणि त्यातले 10 बारावी सुरू व्हायच्या आत. पीयूसीला गणित सोडलं असतं तर आमच्याकडं नववी-दहावीची दोनच वर्षं उरली असती, म्हणून पोराला पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घ्यायला लावलं, तो अजून त्यावरनं चिडून आहे.

नातेवाईक सारखं रिंकू सिंगचं (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलवाला) उदाहरण देतात, पण तो आणि दिनेश पटेल 2008 साली टीव्ही स्पर्धेतून थेट अमेरिकेतल्या प्रोफेशनल टीमकडं गेले, पिट्सबर्ग पायरेट्सकडं, कॉलेजमधनं नाही. दोघंही पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. ती वाट वेगळी, आमची वेगळी.

परत जाणार का, तर जाणार. पुढच्या मे मध्ये पोराची उंची अजून वाढली असेल, नवीन थ्रो लागतील. फक्त कच्चं फुटेज पहिल्याच दिवशी मागून घ्या, एडिट झालं की डिलीट करतात. आणि पेनड्राइव्ह घरनं न्या, त्यांचा 32 जीबीचा 600 ला लावतात.