टेक्सासचं पीटी लायसन्स बेळगावात बसून रिन्यू केलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, कुंदा कुठल्या दुकानाचा चांगला ते इथं मिळणार नाही. हा रिव्ह्यू लायसन्स रिन्यूअलचा आहे. कॉलेजच्या ग्रुपवर ज्युनिअर पोरं सारखी विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी मूळची बेळगावातल्या शहापूरची, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री पण इथंच केली आणि आता टेक्सासमध्ये होम हेल्थला आहे, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी. तिकडे फिजिओथेरपिस्टला फिजिकल थेरपिस्ट म्हणतात, पीटी, काम तेच. गेल्या जुलैत आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, दोन महिने रजा टाकून आले आणि विमानात सीटबेल्ट लावल्यावर आठवलं की लायसन्स ३१ ऑगस्टला संपतंय! टेक्सासमध्ये लायसन्स दोन वर्षांचं असतं आणि ज्याचा त्याचा वाढदिवसाचा महिना संपला की तेही संपतं. विसरू नये म्हणून अशी सोय असावी, पण मी वाढदिवस लक्षात ठेवला आणि हे विसरले. संपलेल्या लायसन्सवर एक दिवससुद्धा पेशंट बघता येत नाही. उशीर केला तर फी वाढते आणि एक वर्ष उलटून गेलं तर मग साधं रिन्यूअल होतच नाही, रिस्टोरेशनची, म्हणजे संपलेलं लायसन्स पुन्हा मिळवायची, वेगळी भानगड सुरू होते. परत जायचं तिकीट १४ सप्टेंबरचं, म्हणजे जे काय करायचं ते बेळगावातूनच.

ज्यांना अजून जायचंय त्यांनी हे आधी ऐका. ही रिन्यूअलची कटकट म्हणजे सुखाची कटकट आहे. पहिलं लायसन्स काढणं हा खरा डोंगर. आपल्या डिग्रीचं तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून क्रेडेन्शियल तपासणी, मग एनपीटीई, म्हणजे पीटी लायसन्ससाठीची अमेरिकेची परीक्षा, ती वर्षातून ठरलेल्या तारखांनाच आणि सेंटर फक्त अमेरिकेत, भारतात बसून देताच येत नाही. वर्षभरात तीनदा आणि आयुष्यात सहादा, त्यापुढं चान्स नाही. त्यामानानं रिन्यूअल म्हणजे लाईटबिल भरल्यासारखं. फक्त बिल भरायच्या आधी दोन वर्षांचा अभ्यास दाखवायचा असतो आणि सगळे अडकतात ते तिथंच.

तर अभ्यास. दोन वर्षांत ३० सीसीयू, म्हणजे नोकरी करता करता चालू ठेवायच्या शिक्षणाचे गुण. एक तासाचा मान्य कोर्स म्हणजे एक सीसीयू. इथं पहिला घोळ असा की बऱ्याच सर्टिफिकेटवर सीसीयू नसून सीईयू लिहिलेलं असतं, ते त्याच शिक्षणाचं दुसरं माप, आणि ०.६ सीईयू म्हणजे ६ सीसीयू. माझ्या एका मैत्रिणीनं ०.६ वाचून पहिल्या वर्षी रडायचंच बाकी ठेवलं होतं. विद्यार्थी क्लिनिकला घेतले, स्पेशालिस्टची परीक्षा पास झाली, तर त्याचेही मिळतात, पण आमच्यासारखी घरोघरी गाडी चालवणारी माणसं रात्री जेवल्यावर ऑनलाइन कोर्सच करतात. माझे अर्ध्याहून जास्त झाले होते, उरलेले बेळगावात.

दुसरा घोळ माझ्या गाढवपणाचा. घाईत एका ऑनलाइन कंपनीचा स्वस्तातला सहा तासांचा कोर्स घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, वर मोठ्या अक्षरात सगळ्या राज्यांसाठी चालतो असं लिहिलेलं. तीन रात्री जागून केला. सर्टिफिकेट आलं, रंगीत, सोनेरी शिक्का वगैरे, लग्नपत्रिकेसारखं. फक्त टेक्सासचा अप्रूव्हल नंबर नाही. टेक्सासला तिथली मान्यता असलेला कोर्स लागतो आणि त्या मान्यतेचा नंबर असतो, तो नसेल तर सोनेरी शिक्क्याची किंमत शून्य. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की पैसे परत नाहीत पण पुढच्या कोर्सला सूट देऊ. म्हटलं ठेवा तुमच्याजवळच. तेव्हा पैसे भरायच्या आधी अप्रूव्हल नंबर आणि तो कुठल्या तारखेपर्यंत चालतो ते बघा, मग कोर्सचं नाव बघा.

त्यानंतर नीट शोधून नी रिप्लेसमेंटनंतरच्या रिहॅबचा कोर्स घेतला आणि हा मात्र पैसा वसूल. आई समोर कॉटवर, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा सरळ करायचा व्यायाम चाललेला, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात तोच व्यायाम. सगळे गुडघा वाकतो किती तेच विचारतात, अगदी शेजारच्या काकूसुद्धा, पण सुरुवातीला तो पूर्ण सरळ होतोय का ते बघणं तितकंच महत्त्वाचं, नाहीतर माणूस पुढं कायम लंगडतो. कोर्समधल्या बाईंनी ते सांगितलं तेव्हाच नेमकी आई हळूच टॉवेल काढून गुडघ्याखाली उशी सरकवत होती. बरं वाटतं ना तसं, सगळेच पेशंट तेच करतात. मी म्हटलं "आई, उशी काढ." आई म्हणाली, "तुझ्या त्या लॅपटॉपातल्या बाईला सांग, ऑपरेशन झालंय काय म्हणावं तुझं?" त्या आठवड्यात गुडघा ८५ अंशांत वाकत होता, मी परत जाईपर्यंत ११० ला आला. लॅपटॉपातल्या बाईला थोडं क्रेडिट, बाकीचं आईला.

मध्येमध्ये पाऊस आणि लाइट, ते सांगायलाच नको. श्रावणातला बेळगावचा पाऊस, एकदा लागला की थांबायचं नाव नाही, आणि परीक्षेचा शेवटचा प्रश्न आला की लाइट जाणार हे ठरलेलं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवलं. वरून गल्लीत गणपतीच्या ढोलाची प्रॅक्टिस.

दोन गोष्टी कोर्सपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्या चुकवता येत नाहीत. एक म्हणजे माणसांच्या तस्करीबद्दलचं ट्रेनिंग. बाबा म्हणाले फिजिओला हे कशाला, पोलिसांना द्या की. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण बघा, पेशंट गप्प, सोबत आलेला माणूसच सगळं बोलतो, ओळखपत्र त्याच्याच खिशात, जखम कशी झाली त्याची गोष्ट जुळत नाही, असं सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येणार? जो त्या पेशंटला अर्धा-पाऊण तास हात लावून बसतो त्याच्याच. छोटं ट्रेनिंग आहे, फुकटातलं पण मिळतं, आणि खरंच डोक्यात राहतं.

दुसरी म्हणजे जॅम. टेक्सासच्या पीटी कायद्याची ऑनलाइन चाचणी, ज्युरिसप्रूडन्स असेसमेंट मोड्यूल, सगळे जॅमच म्हणतात. मी घरात म्हटलं आज जॅम आहे, रात्री उशीर होईल, तर मामा म्हणाला "कुठं, दुसऱ्या रेल्वे गेटला काय?" बेळगावात जॅम म्हटलं की तेच. ही चाचणी पुस्तक उघडून दिली तरी चालते, नियम बघून उत्तर द्यायचं, चुकलं तर कुठला नियम वाचा ते दाखवतात. म्हणजे नापास करायला नाही, वाचायला लावायला आहे. मला आवडते ही. दर वेळी काहीतरी सापडतं जे आपण दोन वर्षं अर्धवट समजून चाललो होतो. उदाहरणार्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट आलेला पेशंट. टेक्सासमध्ये २०१९ पर्यंत चिठ्ठीशिवाय उपचार सुरूच करता येत नव्हते, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून मुभा मिळाली ती पण मोजून १० कामाचे दिवस, डॉक्टरेटवाल्यांना अटी पूर्ण असतील तर १५. पुढं चिठ्ठी पाहिजेच.

हे मी माझ्या वर्गमित्राला सांगितलं, त्याचं क्लिनिक इथं काँग्रेस रोडच्या बाजूला, तर तो हसायलाच लागला. त्याच्याकडे माणूस एक्सरेची पिशवी हलवत थेट येतो, "कंबर धरल्याय, बघा की वो" एवढीच चिठ्ठी. पण त्याचं दुखणं वेगळं. आठवड्यातून दोन दिवस तो चंदगडला जातो, तासाभराची वाट, माणसं तीच, भाषा तीच, आडनावं तीच, पण मध्ये राज्याची हद्द. पलीकडे महाराष्ट्राचं ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिल, त्याचा कायदा २००२ चा, तिकडे प्रॅक्टिस करायची तर तिथली नोंदणी. अलीकडे कर्नाटकाचं वेगळं. वरून २०२१ चा केंद्राचा अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे फिजिओसारख्या आरोग्यसेवेतल्या इतर लोकांचा, कायदा आला. तो म्हणतो तुला एक टेक्सास सांभाळायचंय, मला दोन राज्यं आणि एक केंद्र, रिव्ह्यू मी लिहायला पाहिजे. बरोबर आहे त्याचं.

आता प्रत्यक्ष रिन्यूअल. सगळं झाल्यावर लायसन्स देणाऱ्या टेक्सासच्या बोर्डाच्या साइटवर लॉगिन, पत्ता बरोबर आहे का बघा, काही गुन्हा-बिन्हा दाखल झालाय का सांगा, सीसीयू पूर्ण केलेत असं जाहीर करा, फी भरा. झालं. मोजून १२ मिनिटं, त्यातली चार पासवर्ड आठवण्यात. फी भरताना माझं कार्ड अडकलं कारण बँकेला वाटलं कुणीतरी भारतात माझं कार्ड चोरून वापरतंय, आणि खात्री करायचा मेसेज गेला माझ्या अमेरिकेच्या नंबरवर, जो मी पैसे वाचवायला बंद करून आले होते. रात्री बँकेला फोन लावून अर्धा तास म्युझिक ऐकलं. तुम्ही येताना बँकेला सांगून या आणि नंबर चालू ठेवा, शंभर रुपये वाचवून अख्खी रात्र घालवू नका. तारखेचंही लक्षात ठेवा, उन्हाळ्यात टेक्सास आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, तिकडची ३१ ची मध्यरात्र म्हणजे इकडं १ तारखेची सकाळ साडेदहा. हिशोब आपल्या बाजूनं आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका. याचाच फायदा असा की तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा आपली संध्याकाळ होते, चहा घेऊन निवांत फोन लावता येतो. मी त्या सोनेरी सर्टिफिकेटबद्दल विचारायला लावला होता, बाई शांतपणे बोलल्या, नाही चालणार म्हणून सरळ सांगितलं आणि कुठं बघायचं तेही सांगितलं.

सगळ्यात मजा आली ती गल्लीच्या तोंडावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. मी सर्टिफिकेटची एक फाइल करून ठेवते कारण मागाहून ऑडिटमध्ये कुणाचंही नाव निघू शकतं, आणि निघालं की हे कागद दाखवावे लागतात. सगळं प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन गेले. दुकानातले काका प्रत्येक पान उलटून बघतात, सवयच आहे त्यांना.

"काय करूलाय अक्का, एवढे कागद कुठं पाठवायचे?"

"कुठं नाही काका, घरी ठेवायचे."

"मग त्येनी बघणार कसं?"

"मी सांगितलं झालंय म्हणून."

काकांनी चष्मा काढला. "नुसतं सांगितलं? आणि त्येनी ऐकलं?" मग जरा थांबून, "अटेस्टेशन करून घ्या तरी एक. गॅझेटेड ऑफिसर हाय की आपल्या गल्लीत, रिटायर झाल्याला."

मी हसले, पण घरी येताना तेच डोक्यात घोळत होतं. आपण दहावीपासून तीन-तीन प्रती, खरी प्रत म्हणून सही, वर शिक्का यात वाढलेलो. तिकडे आधी तुमच्या शब्दावर रिन्यू करून देतात, आणि खोटं निघालं तर मात्र सोडत नाहीत. मला ही पद्धत पटते. काकांना नाही पटली.

रेटिंग द्यायचंच तर रिन्यूअलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण कोर्स कुठला मान्य कुठला नाही हे शोधायला नवख्या माणसाला फार फिरावं लागतं. त्या ऑनलाइन कोर्सवाल्या कंपनीला शून्य. झेरॉक्सवाल्या काकांना पाच, ४२ पानांचे पैसे घेतले आणि स्टेपल फुकट मारून दिलं.

दोन दिवसांनी सकाळी बाबांनी मोबाईल पुढं केला. बोर्डाच्या साइटवर कुणालाही कुणाचंही लायसन्स शोधून बघता येतं, हे मीच त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी माझं नाव टाकून काढलं होतं, नवी तारीख आलेली, दोन वर्षं पुढची. म्हणाले स्पेलिंग बरोबर आहे बघ. बरोबर होतं. दुपारी ते छत्री घेऊन कुठंतरी गेले आणि ओले होऊन आले, पिशवीत त्याच पानाचा प्रिंट, लॅमिनेट केलेला. आता तो माझ्या एसएसएलसीच्या मार्क्सकार्डाच्या फाइलीत आहे, कपाटात, आईच्या डिस्चार्ज कार्डाच्या खाली.