गाडीच्या पंख्याचा स्विच ३८० रुपयांचा, माझे गेले ३४,६५०

चौतीस हजार सहाशे पन्नास रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. घरी मी बरेच दिवस "वीसेक हजार गेले" असं सांगत होतो. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे.

गाडी २००८ ची डिझेल इंडिका, १४०५ सीसी, चार सिलिंडर. हे चार सिलिंडर लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मे महिन्यात आईला गुडघ्याच्या तपासणीहून घरी आणत होतो. नवले पुलाजवळ गाड्या तुंबलेल्या. तापमानाचा काटा बघता बघता लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. आई ७४ वर्षांची, मागच्या सीटवर, काचा उघड्या, कारण गाडीचा एसी दोन वर्षांपासून बंद. अशा वेळी माणूस चार गॅरेजं फिरून भाव काढत नाही. जवळ जे उघडं दिसलं तिथे मी गाडी लावली, आईला रिक्षाने घरी पाठवलं आणि मालकाच्या हाती किल्ली दिली. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

त्याने इंजिन थंड होऊ दिलं, झाकण उघडून तीनेक लिटर पाणी ओतलं आणि झाकण न लावताच गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे आले. "बघा साहेब, हेड गॅस्केट उडालं. कॉम्प्रेशन पाण्यात येतंय." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचा मुख्य भाग आणि दोघांमधली सीलची पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. ती फाटली की सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो.) आता कळतंय की पाणी कमी झालेल्या गाडीत नुकतंच पाणी भरलं की आत अडकलेली हवा बाहेर येणारच. गॅस्केट खरंच गेलं असेल तर बुडबुडे थांबतच नाहीत, थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होस (रेडिएटरचा रबरी पाइप) टणक होतो, पाणी सारखं कमी होत राहतं, कधी डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. जळका वायू पाण्यात येतोय का हे बघायला रंग बदलणारं रसायनही मिळतं. यातलं काहीएक न करता त्याने दोन मिनिटांत निकाल दिला.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही रात्री झोप उडते. गाडी दहा मिनिटं जागेवर चालू होती. काटा मध्याच्या वर गेला, पाऊण पट्टीवर आला. तिथे काम करणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बॉनेटवर वाकला होता. तो म्हणाला, "दादा, पंखा फिरत नाहीये." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. मालकाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "जा, साहेबांना चहा आण." पोरगा गेला. मी चहा प्यायलो. समोर रेडिएटरचा पंखा गप्प उभा होता आणि मी हेड फेसिंगला, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायला, किती दिवस लागतील ते विचारत होतो!

त्याच्या आधीचे पंधरा दिवस गाडी मला हेच सांगत होती. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने काटा मध्यावरून हलत नव्हता, सिग्नलला उभं राहिलं की वर चढत होता. चालत्या गाडीत समोरची हवाच रेडिएटर थंड करते, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. फक्त उभी असताना तापते ना? मग आधी पंखा बघा. फ्यूज, रिले, स्विच (इंजिन तापलं की पंखा चालू करणारा), मोटर. हेडला हात लावण्याआधी. एसी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरतो. एसीला फिरतो आणि इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर स्विचवर संशय घ्या. माझा एसीच बंद, म्हणून हेही माझ्या लक्षात आलं नाही.

बिल असं: गॅस्केट सेट २,८५०, हेड फेसिंग १,८००, व्हॉल्व्हचं काम १,२००, वॉटर पंप २,४००, थर्मोस्टॅट ८५०, नवा रेडिएटर ६,८००, कुलंट १,४००, ऑइल आणि फिल्टर २,३५०, मजुरी १२,०००, "किरकोळ" ३,०००. पाच हजार आगाऊ आणि नंतर वीस हजार यूपीआयने दिले. उरलेले ९,६५० रोख, कारण "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान." जो मेकॅनिक तुमच्या नुकसानीची काळजी करतो त्याच्याकडून पक्कं बिल घ्याच. जुने पार्टही पैसे देण्याआधी मागा. मी नंतर मागितले, तोवर ते "भंगारवाला घेऊन गेला" होता.

अकरा दिवसांनी आईला गावी सोडायला निघालो. खंबाटकी घाटात ट्रकमागे ट्रक, गाडी रांगतेय, आणि काटा परत लाल. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मग ब्लॉकच गेला असेल. ४५,००० लागतील, घेऊन या." आवाजात जराही संकोच नव्हता.

थांबत, गार करत साताऱ्याला पोचलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी इंजिन तापू दिलं, रेडिएटरवरच्या स्विचचा कनेक्टर काढला, वायरच्या तुकड्याने दोन टोकं जोडली. पंखा भर्रकन फिरला. स्विच ३८०, मजुरी १५०. पाऊण तासात काम संपलं.

मग काका टॉर्च घेऊन वाकले. हेडच्या बोल्टांवर तेलामातीची जुनी खपली जशीच्या तशी. वॉटर पंप जुनाच. "नवा" रेडिएटर म्हणजे माझाच, काळा रंग मारलेला. हेड उघडलंच नव्हतं. चौथ्या दिवशी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फेसिंग केलेल्या हेडचा फोटो आला होता, तो मी काकांना दाखवला. त्यांनी बोटाने मोजलं. तीन सिलिंडरचं हेड होतं ते. मी तो फोटो आठवडाभर लोकांना कौतुकाने दाखवत होतो. फेसिंग बाहेर मशीन शॉपमध्ये होतं, त्याची वेगळी पावती मागा. गाडी सोडण्याआधी पंप, रेडिएटर, बोल्ट यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि फोटो काढा.

चौकीत गेलो. "हा दिवाणी मामला आहे." अहो, काम न करता कामाचे पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणतात ती हीच ना? "पक्कं बिल कुठाय?" दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, इंजिन उघडलं नाही याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. तो कोण देणार? एका सरकारी कार्यालयात गेलो, ते म्हणाले खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयाने अर्ज घेतला, पोच दिली नाही आणि पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. चार दिवस रजा गेली ती वेगळीच. तीन सिलिंडरचा फोटो आणि चार सिलिंडरचं आरसी बुक समोर ठेवूनही एकाही माणसाने मान वर करून पाहिलं नाही. चोरापेक्षा याचा संताप जास्त आहे. त्या गॅरेजवाल्याला हे सगळं पुरतं माहीत असणार.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील नसला तरी चालतो. पुरावा म्हणून यूपीआयचे २५,०००, तो फोटो, कच्चा कागद आणि साताऱ्याची पावती जोडली आहे. रोख दिलेल्या ९,६५० चा कागद नाही. काकांकडे मी पावती मागितलीसुद्धा नव्हती. त्यांनी ५३० रुपयांचीही गाडीच्या नंबरासकट लिहून दिली आणि जुना स्विच कागदात गुंडाळून हातात ठेवला.