एआय एजंटकडून पासवर्ड बदलून घ्यायचेत? कुठलं साधन घ्यावं

"डेटाबेसचे पासवर्ड एजंटच बदलेल की, आपण कशाला रात्री जागायचं?" असं टीममधल्या एकाने विचारलं. (एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः कमांड चालवून करणारा एआय.) मागणी रास्तच आहे. पण आधीच्या एका प्रयोगात एजंटने सगळं काम चोख केलं आणि शेवटी मोठ्या प्रेमाने नवा पासवर्ड चॅटमध्ये लिहून दिला, वर "हा जपून ठेवा" अशी सूचनाही. चॅटमधून तो लॉगमध्ये गेला, लॉगमधून बॅकअपमध्ये. मग हाताने पुन्हा बदलणं आलं. तेव्हापासून साधन कुठलंही असो, मी आधी एवढंच बघतो: एजंटला पासवर्ड न वाचता बदलता येतो का?

वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरची 'ऑप' ही कमांड वापरायला सगळ्यात सुटसुटीत. सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) काढून त्याला ठरावीक व्हॉल्टपुरतंच, म्हणजे पासवर्डच्या एका तिजोरीपुरतंच, बांधता येतं, कुणाच्या खासगी व्हॉल्टला ते हात लावू शकत नाही. 'आयटम एडिट'मध्ये पासवर्ड तिथल्या तिथे तयार करून घेण्याची सोय आहे, त्यामुळे एजंटला तो रचावा लागत नाही. 'ड्राय रन'ही आहे, म्हणजे प्रत्यक्ष न बदलता काय बदलेल ते बघता येतं. पण मेख अशी की लिहिण्याची परवानगी दिली की वाचण्याचीही द्यावीच लागते. म्हणून एजंटसाठी वेगळा व्हॉल्ट काढा आणि त्यात मोजक्याच नोंदी ठेवा. परवानग्या नंतर बदलता येत नाहीत, नवं अकाउंट काढावं लागतं, तेव्हा सुरुवातीलाच हात आखडता ठेवा. शिवाय पासवर्ड थेट कमांडच्या ओळीत लिहिला, तर त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रोसेसना तो दिसू शकतो.

बिटवॉर्डन ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, आणि माणसांसाठी मी तेच सुचवेन. एजंटसाठी मात्र जपून. त्याची 'बीडब्ल्यू' ही कमांड अनलॉक केली की मिळणाऱ्या सेशन कीने (त्या वेळेपुरत्या किल्लीने) त्या खात्याला दिसणारं सगळंच उघडतं. त्यात 'एडिट' म्हणजे अख्खी नोंद बदलणं: आधी पूर्ण जेसन (नोंदीचा सगळा मजकूर) आणायचं, त्यातली एक ओळ बदलायची, एन्कोड करून परत पाठवायचं. एजंटने शहाणपणा करून नुसतं नाव आणि पासवर्ड पाठवला, तर वेबसाइटचा पत्ता, टिपा, ओटीपीची की सगळ्यावर पाणी. २०२५ मध्ये त्यांनी एमसीपी सर्व्हरही (एआयला बाहेरची साधनं जोडून देणारा दुवा) आणला. तो स्वतःच्या मशीनवर चालवायचा असतो, पण मॉडेलने जे मागून घेतलं ते मॉडेलला दिसणारच.

हॅशिकॉर्प व्हॉल्ट ही सर्व्हरचे पासवर्ड सांभाळणारी प्रणाली, आणि इथे खरा फरक पडतो. पॉलिसीत (परवानग्यांच्या नियमात) एखाद्या पाथवर (नोंदीच्या पत्त्यावर) 'अपडेट' द्यायचं आणि 'रीड' द्यायचंच नाही, हे सरळ जमतं. केव्ही-२ या त्याच्या साध्या साठ्यात मागच्या १० आवृत्त्या आपोआप राहतात. 'चेक अँड सेट' लावलं की जुन्या आवृत्तीवर विसंबून केलेला बदल नाकारला जातो. पण पासवर्ड एजंटनेच रचला, तर वाचायची बंदी काय कामाची? त्यामुळे डेटाबेस इंजिनचा स्टॅटिक रोल (डेटाबेसमधल्या एका ठरावीक खात्याशी बांधलेली नोंद) बघा. नवा पासवर्ड व्हॉल्टच तयार करतं, डेटाबेसमध्येही तेच बदलतं आणि स्वतःकडेही ठेवतं. एजंटला फक्त 'रोटेट रोल' म्हणण्याची मुभा. कटकट आहे ती सांभाळण्याची: अनसील (सुरू झाल्यावर कुलूप उघडणं), बॅकअप, अपग्रेड. २०२३ मध्ये लायसन्स बदललं म्हणून नाराज झालेल्यांसाठी ओपनबाओ ही त्यातूनच निघालेली ओपन सोर्स आवृत्ती आहे.

एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) सीक्रेट्स मॅनेजरची कल्पना तीच, सांभाळायची डोकेदुखी मात्र कमी. दर सीक्रेटला (साठवलेल्या पासवर्डला) महिन्याला ४० सेंट, एपीआय कॉलचे वेगळे. रोटेशनचं, म्हणजे पासवर्ड बदलण्याचं, लॅम्बडा फंक्शन (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा प्रोग्राम) चार पायऱ्यांत चालतं: नवा पासवर्ड तयार करा, डेटाबेसमध्ये लावा, लॉगिन करून बघा, मगच तो चालू म्हणून जाहीर करा. तिसरी पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. साठवलेला पासवर्ड बदलला आणि प्रत्यक्ष डेटाबेसमधला तसाच राहिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर, दार आतून बंद. एजंटला 'रोटेट सीक्रेट'ची परवानगी द्या, 'गेट सीक्रेट व्हॅल्यू'ची नको. परत येतं ते नाव, एआरएन (सीक्रेटचा एडब्ल्यूएसमधला पत्ता) आणि आवृत्तीचा आयडी.

सर्व्हर आधीच एडब्ल्यूएसवर असतील तर फार विचार न करता हेच घ्या. स्वतःचे सर्व्हर आणि ते बघणारा माणूस असेल तर हॅशिकॉर्प व्हॉल्ट. पाच-सात जणांची टीम, मोजकेच पासवर्ड, तर वेगळ्या व्हॉल्टसकट वनपासवर्ड पुरे. बँक, ईमेल वगैरेंचे पासवर्ड एजंटला ब्राउझरमधून बदलायला मी तरी लावणार नाही.

कुठलंही घ्या, एजंट वाचणार ते साधनाचं वर्णन नीट लिहा. आमचं असं आहे: "खात्याचं नाव द्या. पासवर्ड साधनच तयार करतं. तो रचू नका, मागू नका, दाखवू नका. उत्तरात फक्त आवृत्ती क्रमांक येईल. टाइमआउट झाला तर पुन्हा प्रयत्न करू नका, थांबा आणि माणसाला विचारा." शेवटचं वाक्य नंतर घातलं. टाइमआउट झाला, म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, की काम झालंच नाही असं एजंट गृहीत धरतो आणि पासवर्ड दोनदा बदलून बसतो. साधनाला 'पासवर्ड' नावाचा इनपुटच ठेवू नका. रकाना दिसला की एजंट तो भरतोच.