सिलिकॉनचा फॉर्म, विणलेला फॉर्म आणि परभणीचा उन्हाळा

बत्तिसाव्या वर्षी कॅन्सरमुळं माझा डावा स्तन काढला. किमो झाली, शेक (रेडिएशन) झाला, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. औषधपाण्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, ते डॉक्टरांना विचारावं. मला लिहायचंय ते ऑपरेशननंतर ब्लाउजच्या आत काय घालायचं याबद्दल. काढलेल्या स्तनाच्या जागी ब्रामध्ये बसवायचा जो कृत्रिम स्तन मिळतो, त्याला फॉर्म म्हणतात. दवाखान्यातून सुट्टी देताना जखमेची पट्टी, गोळ्या, हाताचे व्यायाम सगळं सांगितलं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. विचारावं तर माझ्या वयाची कुणी ओळखीचीही नव्हती. वॉर्डात भेटलेल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, "पदर घ्यायचा अंगभर, कोण बघतंय" म्हणणाऱ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दिवसभर लेकरांच्या वह्यांवर वाकायचं, हात वर करून फळ्यावर लिहायचं आणि सकाळ-संध्याकाळ पंजाबी ड्रेस घालून स्कूटी चालवायची. नुसत्या पदरावर माझं भागत नाही. शिवाय एका बाजूला वजन नसल्यानं उजवीकडं ओढ यायची, मान आणि पाठ आखडायची.

आधी सिलिकॉनचा घेतला. संभाजीनगरच्या एका सर्जिकल दुकानातून, साडेसहा हजाराला. वस्तूबद्दल नंतर सांगते, आधी दुकानाबद्दल. काउंटरवर माणूस, शेजारी बीपीचं मशीन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, आणि त्यांच्यादेखत "साइज किती?" घालून बघायला आडोसा नाही, माप घ्यायला बाई नाही. "वापरलेला परत घेत नाही" हे मात्र दोनदा ऐकवलं. साडेसहा हजाराची, अंगाला लागून राहणारी वस्तू कुणी अशी विकू नये. ब्रामध्ये बसवून, वर आपलाच कुर्ता चढवून, आरशात समोरून आणि बाजूनं बघितल्याशिवाय फॉर्म पसंत करताच येत नाही. त्यातही डावा-उजवा असतो, कारण काही फॉर्म काखेकडं निमुळते होत जातात.

वस्तू चांगली आहे, हे मान्य करायलाच हवं. घरच्या काट्यावर ३४० ग्रॅम भरला. हे वजनच त्याचा मोठा गुण. घातला की दोन्ही खांदे सारखे वाटतात, पाठीची ओढ कमी होते. मागची बाजू खोलगट असल्यानं छातीवर नीट बसतो, चालताना दुसऱ्या बाजूसारखाच हलतो. वाकलं तरी जागा सोडत नाही, फक्त ब्राला आतून खिसा हवा. दिवाळीत साडी नेसले तेव्हा आरशासमोर उभी राहिले आणि कितीतरी महिन्यांनी पदर सारखा करत बसावं लागलं नाही. रंग मात्र गोरा गुलाबी. माझ्या अंगाच्या रंगाचा मला मिळाला नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

पण हा फॉर्म आणि आमचा एप्रिल-मे यांचं जमत नाही. पारा ४२-४३ वर जातो, शाळेत लाइट असेल तर पंखा. सिलिकॉनला हवा लागत नाही. त्याच्यामागं घाम साचतो, आणि शेक घेतलेली कातडी आधीच काळवंडलेली, पातळ. त्यात या गोळीनं आतून वाफ उठते ती वेगळीच. दुपारच्या सुट्टीपर्यंत व्रणाच्या कडेला पुरळ यायचं. रोज कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवायचा, टिपून कोरडा करायचा, त्याच्याच डबीत आकार न दबता ठेवायचा. साडीची पिन त्याच्याजवळ नेऊ नये, टोचली तर आतलं जेल बाहेर येतं. आणि ऑपरेशननंतर लगेच तो घालायचाच नसतो. जखम पूर्ण भरल्यावर, शेक झाला असेल तर कातडी पूर्ववत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून.

म्हणून विणलेला फॉर्म मागवला. सुती धाग्याचा, आत कृत्रिम कापूस. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांचा स्तन २०११ साली काढला, तेव्हा डॉक्टरांकडून त्यांना अशा विणलेल्या फॉर्मची माहिती मिळाली. त्यांनी पुढं "निटेड नॉकर्स" नावानं तो बायकांना फुकट द्यायचं काम सुरू केलं. आपल्याकडं मुंबईची साईशा इंडिया ही संस्था हेच काम करते. मापं कळवली, जोड घरी आला. पैसे पडले नाहीत.

हातात घेतला आणि पहिल्यांदा वाटलं, हा काय टिकणार! आज माझ्या रोजच्या वापरात हाच आहे. मऊ आहे, घाम शोषतो, रात्री धुवून दोरीवर टाकला की सकाळी तयार. मागच्या बाजूला तोंड असतं, त्यातून कापूस कमी-जास्त करून आपल्या दुसऱ्या बाजूइतका करता येतो. लेक छातीवर डोकं ठेवून झोपते, तिलाही टोचत नाही, मलाही दुखत नाही. शेकाच्या दिवसांत हा कुणी हातात दिला असता तर किती बरं झालं असतं.

दोष एकच, पण मोठा: हलका आहे. वाकलं की वर सरकतो. स्कूटीवरून खड्ड्यातून गेलं की जवळजवळ गळ्याशी. त्याला मी माशांच्या टाकीत टाकतात त्या चपट्या काचेच्या गोट्या आणल्या, पातळ कापडाच्या पुरचुंडीत शिवल्या आणि कापसाच्या मधोमध, खालच्या बाजूला ठेवल्या. व्रणाला लागत नाहीत, आणि फॉर्म खाली राहतो. सिलिकॉनइतकं वजन त्यानं येत नाही, पाठदुखी असेल तर हा पुरणार नाही.

उरलेलं काम आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकूंनी केलं. तयार मास्टेक्टॉमी ब्रा, म्हणजे स्तन काढलेल्या बायकांसाठीची आतून खिसा असलेली ब्रा, महाग पडते आणि परभणीत मला हव्या त्या मापाची मिळाली नाही. काकूंपुढं साधी सुती ब्रा ठेवली, सगळं खरं सांगितलं. त्यांनी एकही फालतू प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "आतून खिसाच लावून देते की मॅडम. जुन्या धोतराचं मऊ कापड असंल तर आणा, नवं टोचंल." एका खिशाचे चाळीस रुपये घेतले. पट्टेही बदलून रुंद केले, कारण काखेतल्या गाठी काढल्यावर खांद्यात रुतणारा पट्टा चालत नाही, त्या हाताला सूज येऊ शकते.

एकच वापरायचा असेल तर विणलेला घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या ब्रांवर घाला. पाठ दुखत असेल, स्तन मोठे असतील, तर थंडीच्या दिवसांसाठी आणि लग्नकार्यासाठी सिलिकॉन घ्या. काहीच घालायचं नसेल तर तेही बरोबर. "दोन लेकरं झाली, आता कशाला पाहिजे" म्हणणाऱ्यांनी मात्र या विषयात बोलू नये. मला पाहिजे, मी तेहतीस वर्षांची आहे.

आणि खिसा शिवून घ्याल तेव्हा त्याचं तोंड काखेच्या बाजूला ठेवायला सांगा, कडेला दोन बोटं दुमड सोडायला सांगा. वरून उघडा ठेवला तर पहिल्याच वाकण्यात फॉर्म बाहेर येतो.