जंपसूट की झालरीचा शर्ट?

लंडनमध्ये ‘सत्तर-ऐंशी’ थीमच्या क्लब नाइटला जायचंय, आणि बायकी-पुरुषी ही वाटणी बाजूला ठेवून नटायचंय? मग वाटा मुख्यतः दोन. १९७२-७३ चा ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा ग्लॅम, म्हणजे रॉकमधला चकचकीत, भडक वेश, नाहीतर १९७९-८० चे न्यू रोमँटिक, म्हणजे झालरी, जुने कोट आणि काजळ घालून क्लबात येणारी तरुण मंडळी. मी दोन्ही घालून नाचलोय.

दिसण्यात ग्लॅम वरचढ, हे आधीच कबूल करतो. चकाकता जंपसूट, लाल केस, जाड तळाचे बूट. माणसं वळून बघतात. बुटांची सवय तासाभरात होते.

घोडं पेंड खातं ते टॉयलेटमध्ये. जंपसूट वरपासून खालपर्यंत अख्खा सोलावा लागतो, आणि माझ्या जंपसूटची चेन पाठीवर होती. जानेवारीची रात्र, फरशी ओली, बाहेर रांग, आणि आत मी दोन्ही बाह्या दातांत धरून उघडाबंब. शेवटी हात धुणाऱ्या एका अनोळखी माणसाला चेन लावून द्यायची विनंती केली. त्यानं लावली बिचाऱ्यानं, मानेवरच्या केसांसकट. बोवीसाठी जपानी डिझायनर कान्साई यामामोतोंनी केलेला तो काळा-पांढरा सूट टिचबटणांचा होता, जपानी काबुकी नाटकातल्या वेशांतरासारखा झटक्यात निघणारा. पण तो ओढायला स्टेजवर माणसं होती. आपल्याला कोण आहे?

न्यू रोमँटिक पोशाखात ही भानगडच नाही, कारण तो मुळात तुकड्यातुकड्यांनी जमवलेला. कव्हेंट गार्डनमधल्या ‘ब्लिट्झ’ वाइन बारमध्ये मंगळवारी रात्री हा मेळा भरायचा. दारात स्टीव्ह स्ट्रेंज कपडे बघूनच आत सोडणार, रेकॉर्ड लावायला रस्टी ईगन, कोट सांभाळायला पुढे गायक म्हणून गाजलेला बॉय जॉर्ज. सगळे बोवीचेच भक्त. आधी १९७८ मध्ये सोहोतल्या ‘बिलीज’मध्ये त्यांच्या बोवी नाइट्स होत. खिशात पैसे नाहीत, बरेचसे आर्ट कॉलेजचे विद्यार्थी. त्यामुळे जुन्या बाजारातला शर्ट, कुठल्यातरी नाटकाचा कोट, बाकीचं घरी शिवलेलं.

मी चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, बायकांचा झालरीचा ब्लाउज घेतला (बटणं उलट्या बाजूला, पहिल्यांदा बोटं गोंधळतात), कमरेला बाबांचं जरीकाठी उपरणं आणि डोळ्यांत काजळ. झालर दोनदा ग्लासात बुडाली, काजळ घामानं गालावर आलं. पण या वेशात ते खपून जातं. आईला फोटो पाठवला, तर ‘गंधर्वांच्या कंपनीत घेतलं असतं तुला’ म्हणाली, आणि उपरणं धुवायला टाकू नकोस, ड्रायक्लीनला दे, असंही.

अर्थात, प्रत्येकाची आवड वेगळी. उंच, सडपातळ असाल आणि सोबत भरवशाचं माणूस असेल, तर जंपसूट खुशाल घ्या. फक्त घेताना चेन पुढे आहे ना, तेवढं बघा.